चासीवरचा आकडा

अंबाजी आंदर मावळातला. टाकव्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठी त्याच्या घरची भाताची खाचरं होती. तो सतरा वर्षांचा असताना तिथं धरण आलं आणि खाचरं पाण्याखाली गेली. मोबदला मिळाला, पण वडील आधीच वारलेले, कागद निघाला थोरल्या चुलत्याच्या नावावर. चुलत्यानं अंगठा उठवला आणि अंबाजीच्या आईला, चिमाबाईला, सांगितलं की कागदावर तुझं नाव न्हाई. ती त्याच दिराच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहिली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. अंबाजी डोंगर चढून उतरून चालत लोणावळ्याला आला.

हे सगळं मला अंबाजीच्या बायकोनं, झुंबरबाईंनी सांगितलं. मी त्यांना भेटले तेव्हा त्या सत्तरीच्या पुढं होत्या आणि अंबाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सांगताना त्या काही लपवायच्या नाहीत. स्वतःचंही नाही.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला एका शेठचा बंगला होता. अंबाजी तिथं झाडांना पाणी घालायला लागला. शेजारच्या बंगल्यावर बजरंग नावाचा तळेगावचा ड्रायव्हर होता, वयानं चार वर्षांनी मोठा. त्यानंच अंबाजीला मोटार शिकवली. त्याचा मालक मुंबईला आगगाडीनं गेला की दोघं मोटार बाहेर काढायचे, वलवणच्या बाजूला जायचे आणि बजरंग अंबाजीच्या हातात चाक द्यायचा. एकदा अंबाजीनं मडगार्ड झाडाला घासलं. बजरंगनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि आठवडाभर मालकाच्या शिव्या खाल्ल्या. पुढं अंबाजीला लायसन मिळालं आणि शेठनं त्याला ड्रायव्हर केलं. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार झाला. मूल झालं नाही. पण ती दोन खोल्यांची जागा झुंबरबाईंनी अशी सारवून, शिंपून ठेवली होती की शेठची बायको पाहुण्यांना दाखवायला आणायची.

अकरा वर्षं गेली. १९४० च्या जानेवारीत शेठ वारला. मुलांनी मोटार मुंबईला नेली, बंगला विकायला काढला आणि अंबाजीला सांगितलं की मे महिनाअखेर खोल्या मोकळ्या कर. शेठनं जाताना त्याच्यासाठी काही ठेवलं होतं, त्यामुळं पैशापाशी अडत नव्हतं. अंबाजीनं एकच विचार केला. वडगाव स्टेशनापासून टाकव्यापर्यंत भाड्याची मोटार घालायची. त्या वाटेला कुणी मोटार घालत नव्हतं. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन दोन-दोन, तीन-तीन तास चालायची. तिकडंच कुठं खोली घ्यायची आणि आईला त्या पडवीतून बाहेर काढायचं. बंगल्यामागच्या खोल्यांत नवराबायकोशिवाय तिसरं माणूस ठेवायची मुभा नव्हती.

परवान्यासाठी त्यानं पुण्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या. मार्चअखेर परवाना मंजूर झाला, पण अट अशी की एकतीस मेच्या आत गाडी आणून दाखवायची, तिचा नंबर परवान्यावर चढवायचा. गाडी दाखवली नाही तर परवाना रद्द, आणि यादीत मागं असलेल्याला तो मिळणार.

दोन महिने पुरेसे आहेत असं त्याला वाटलं होतं. पण लढाई सुरू झालेली. चांगल्या जुन्या गाड्या लष्कराचे ठेकेदार उचलत होते. पुण्याच्या कॅम्पात, खडकीत, देहूरोडला तो फिरला. एक गाडी ठरली, तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यानंच नेलेली. एकीचं इंजिन तडकलेलं. एकीच्या मालकानं तीन वेळा बोलावून चौथ्यांदा दार उघडलं नाही. एप्रिल संपला. मे निम्मा झाला. अंबाजीला जेवण जाईना. बंगला विकत घेणाराचा माणूस मोजमाप घ्यायला आला आणि झुंबरबाईंच्या चुलीच्या जागी काय करायचं ते त्यांच्यासमोरच बोलला.

वीस तारखेला बजरंगचा निरोप आला. बजरंगनं ड्रायव्हरकी सोडून तळेगाव स्टेशनाजवळ जुन्या मोटारींच्या घेण्यादेण्याचा धंदा धरला होता. फोर्ड गाडी आहे, दहा वर्षांची, कापडी हुडाची, टायर बरे आहेत, ये आणि बघ, असा निरोप. अंबाजी त्याच दिवशी गेला.

गाडी काळी होती, नवा रंग दिलेली. पहिल्या हँडलला इंजिन लागलं. अंबाजीनं घरी सांगितलं की तो आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद बघितले. नोंदीचं पुस्तक होतं, पुस्तकातला नंबर पाटीवर होता, इंजिनाचा आकडाही लिहिलेला होता. बजरंगनं विसारसुद्धा मागितला नाही. दोन दिवस घेऊन जा, घाटात चढवून बघ, मग बोलू, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजीनं झुंबरबाईंना शेजारी बसवलं आणि गाडी टाकव्याच्या वाटेला घातली. वडगावच्या पुढं पाणी तापलं म्हणून थांबला. रेडिएटरमध्ये पाणी घालताना इंजिनावरचा तेलकट मळ पुसावा म्हणून त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाण्याची नळी आत शिरते त्याच्या वर, आकडा ठोकलेला असतो. तिथं बोळा फिरला आणि त्याचा हात थांबला. आकडा होता, पुस्तकातल्याशी जुळत होता. पण आजूबाजूचं बिडाचं लोखंड खरखरीत आणि तेवढीच पट्टी गुळगुळीत, कानशीनं घासल्यासारखी. आकड्यांची रांगही सरळ नव्हती. दोन आकडे खाली उतरलेले. कारखान्यातून निघालेला आकडा त्यानं शेठच्या गाडीवर अकरा वर्षं पाहिला होता. तो असा नसतो.

झुंबरबाईंनी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. बॉनेट लावलं आणि गाडी पुढं काढली.

टाकव्यात गाव गोळा झालं. त्या वाटेनं साहेब लोकांच्या मोटारी कधीमधी धरणाकडं जायच्या, पण गावातल्या माणसानं चालवत आणलेली मोटार ही पहिली. चिमाबाईंना हाताला धरून आणलं. त्यांना मोतीबिंदूनं फार दिसत नव्हतं. त्यांनी गाडीवरून हात फिरवायला सुरुवात केली, दिव्यापासून मागच्या टायरापर्यंत, सगळीकडून, जनावर विकत घेताना फिरवतात तसा. मग विचारलं, "हे आपलं का रं?"

अंबाजी म्हणाला, "व्हय."

झुंबरबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अंबाजी गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होता आणि कुणाच्याही तोंडाकडं बघत नव्हता. झुंबरबाई मला म्हणाल्या, मला वाटलं आनंदानं अवघडलेत.

निघताना चिमाबाईंनी विचारलं की न्यायला कधी येशील. तो म्हणाला, ह्या महिन्याच्या आत.

लोणावळ्याला परत येऊन त्यानं झुंबरबाईंना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन नथू मिस्त्रीकडं गेला. नथू मिस्त्रीची शेड बाजाराच्या मागच्या बाजूला होती. घाटात बंद पडलेल्या मोटारी त्याच्याकडं ओढून आणायचे. साठीचा माणूस, थोडं बोलणारा. त्यानं आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला की ह्या गाडीला आकडा दोनदा असतो. एक इंजिनावर, दुसरा खाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या पट्टीवर, बॉडी जिथं बसते त्याच्या खाली. गाडी बनताना इंजिनावरचाच आकडा तिथं ठोकतात आणि वरून बॉडी बसवतात. बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून घासणारे बहुतेक तिथपर्यंत पोचत नाहीत.

"बगायचंय का?" नथूनं विचारलं. "बगितलंस तर मग बगितलं न्हाई आसं म्हनता येनार न्हाई."

अंबाजी शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. समोरच्या रस्त्यानं लोक बाजार करून चालले होते. थोड्या वेळानं तो आत आला आणि पाना उचलला.

पुढच्या बाजूच्या, पाय ठेवायच्या फळ्या काढल्या. बॉडीचे नट गंजलेले, ते सोडवायलाच दुपार गेली. मग पहार लावून बॉडी दोन बोटं उचलली आणि लाकडाचे ठोकळे सारले. आत हात जेमतेम जात होता. अंबाजीनं चिंधीनं पट्टी पुसली, तिच्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल घासली. कागद बाहेर काढून उजेडात धरला. आकडे स्वच्छ उठले होते. इंजिनावरच्या आकड्याशी त्यातले चार जुळत नव्हते.

नथू म्हणाला, एवढ्यावरून चोरीची म्हणता येणार नाही. इंजिनं बदलतात. कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं असेल. पण मग आकडा घासला कशाला, हे तो बोलला नाही. अंबाजीलाही ते बोलून दाखवायची गरज नव्हती. खरं काय ते एकाच ठिकाणी कळणार होतं. हरवलेल्या मोटारींची यादी पोलिसांकडं असते. हा कागद तिथं न्यायचा आणि विचारायचं.

त्या दिवशी बावीस तारीख होती.

ते दोन दिवस झुंबरबाईंना शेवटपर्यंत आठवत होते. अंबाजीनं त्यांना सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या की गाडी आपण चोरली नाही, आपण पैसे देऊन घेतोय, पुस्तक आहे, सही होईल. ज्याची गेली त्याची गेली. आठ दिवसांनी आपण कुठं राहायचं ते सांगा. सासूबाईंना काय सांगायचं ते सांगा.

अंबाजी म्हणाला, पुस्तक आहे खरं.

"मंग इचारू नगा," झुंबरबाई म्हणाल्या. "मी पाया पडते तुमच्या. तुमी इचारू नगा."

आणि त्या खरंच पाया पडल्या. तो खाटेवर बसला होता. त्यानं त्यांना उठवलं नाही. पाय तसेच ठेवून बसून राहिला. सकाळी उठून तो दुसरी गाडी शोधायला पुण्याला गेला. दिवसभर उन्हात हिंडला, ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांच्याच दारात पुन्हा गेला. एकाला म्हणाला, चाकं असली तरी पुरे, मी ती नीट करतो. तो माणूस हसला. संध्याकाळी हात हलवत परत आला.

जेवताना तो आपण होऊन बोलला. "चुलत्याचाबी कागद बरूबरच हुता," म्हणाला. "शेत आमचं हुतं."

झुंबरबाईंनी ताट सरकवून दिलं. त्यांना त्या वेळी त्याचा राग आला होता. इतकी वर्षं झाली, पण मला सांगताना त्यांनी तो राग कमी करून सांगितला नाही. चुलत्यानं केलं त्याची शिक्षा मी का भोगू, असं त्यांना वाटलं होतं.

पंचवीस तारखेला अंबाजी गाडी घेऊन तळेगावला बजरंगकडं गेला. आधी पोलिसांकडं जाणं त्याला जमलं नाही. बजरंगची बायको सरुबाई अंगणात गहू निवडत बसली होती. तिला पाचवा महिना होता. तिनं चहा केला. चहा पिऊन दोघं पुरुष परसात गेले. अंबाजीनं कागद पुढं केला.

बजरंगनं तो वाचला. मग विचारलं, "तू बॉडी उचललीस?"

"व्हय. कुनाकडनं घेतलीस ही?"

"खडकीच्या बाजारात. एका मानसाकडनं."

"त्यानं कुटनं आनली?"

"मी इचारलं न्हाई," बजरंग म्हणाला. "अंबा, ह्या धंद्यात इचारलं की गाडी जाती. मला वास आलता. पन तू रोज मरत हुतास. मी म्हनलं, हा चार आकडे बगून गप बसंल, आनि तितं आंदर मावळात कोन बॉडी उचलून बगनार हाय. तुझ्यासाटी ठेवली मी ही. दुसऱ्यानं मागितलीती."

ते खरं होतं. अंबाजीला ते खरं आहे हे कळत होतं, आणि त्यामुळंच त्याला पुढचं बोलणं अवघड झालं. त्यानं सांगितलं की परवा सकाळच्या गाडीनं मी पुण्याला जाऊन विचारणार. तोवर ज्याच्याकडून घेतली त्याला शोध, किंवा तूच आधी जाऊन सांग, म्हणजे तुझ्यावर येणार नाही. बजरंग म्हणाला, सांगणाऱ्यालाच आधी आत घालतात. निघताना बजरंगनं विचारलं, "मडगार्ड घासलं हुतं त्ये याद हाय का तुला?"

अंबाजी म्हणाला, "हाय."

गाडी तिथंच ठेवून तो आगगाडीनं लोणावळ्याला परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाजारातून घरी आला तर गाडी बंगल्याच्या मागं, त्याच्या खोल्यांसमोर उभी. झुंबरबाई दारात होत्या. त्यांनी सांगितलं की बजरंगभाऊ घेऊन आले, बसले नाहीत, पाणी प्यायले आणि पायीच स्टेशनकडं गेले. एक लखोटा देऊन गेले. लखोट्यात नोंदीचं पुस्तक होतं आणि विक्रीचा कागद, अंबाजीच्या नावाचा, बजरंगच्या सहीचा. पैशाची जागा कोरी होती. झुंबरबाईंना बजरंगनं एवढंच सांगितलं होतं की जमेल तेव्हा द्या, मी आता काही दिवस नाही.

म्हणजे गाडी त्याची झाली होती. एकतीस तारखेला पाच दिवस होते. त्यानं गाडीचं दार उघडलं, आत बसला, चाकावर हात ठेवले. झुंबरबाई लांबून बघत होत्या. त्या म्हणाल्या, तेव्हा मी मनातल्या मनात एकवीरेला नवस बोलले, की आता ह्यांच्या तोंडून काही निघू देऊ नकोस.

अर्धा तास तरी तो तसा बसला असेल. मग उतरला, इंजिनाला हँडल मारलं आणि झुंबरबाईंना म्हणाला, मी चौकीवर जाऊन येतो.

झुंबरबाई आत गेल्या, चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली, दाराला कडी घातली आणि येऊन त्याच्या शेजारच्या जागेवर बसल्या.

"चला," म्हणाल्या. "येकटं जाऊ नगा."

चौकीत अंबाजीनं सगळं सांगितलं. कागद दिला, पुस्तक दिलं, विक्रीचा कागद दिला. अंमलदारानं ते मांडून बघितलं. गाडी ह्याच्या ताब्यात, विक्रीचा कागद ह्याच्या नावाचा, विकणारा जागेवर नाही, आणि किंमत कोरी. त्यानं पुण्याला तार केली आणि अंबाजीला बसवून ठेवलं. सकाळी उत्तर आलं. चासीवरचा आकडा यादीत होता. गाडी गेल्या ऑगस्टात कल्याणहून चोरीला गेली होती. तळेगावला माणूस पाठवला तर बजरंग घरी नव्हता. कुठं गेला ते सरुबाईला माहीत नव्हतं. मग अंबाजीला आत घातलं. फौजदार त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, की तुझ्यासाठी गाडी ठेवली असं बजरंग म्हणाला, हे तूच सांगतोस. मग तू त्याच्यात नव्हतास कशावरून? चोरी पचत नाही असं दिसल्यावर तू आपण होऊन आलास. अंबाजीकडं त्यावर सांगायला नवं काही नव्हतं. जे झालं ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

कोठडीच्या भिंतीला एक झरोका होता आणि तिथून स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. त्या मोजून तो दिवस कळून घ्यायचा. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एकतीस तारखेला तो पहाटेपासून उभा होता. पहाऱ्यावरच्या शिपायाला त्यानं विनंती केली, की पुण्याच्या कचेरीला माझ्या नावानं एक अर्ज लिहून पाठवा, गाडी नाही पण माणूस आहे, थोडी मुदत द्या. शिपाई भला होता. पण कोठडीतल्या माणसाला परवाना कोण देणार, एवढंच तो म्हणाला. कचेरी बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर अंबाजी खाली बसला आणि भिंतीला डोकं आपटून घेऊ लागला. शिपायानं येऊन धरलं.

त्याच दिवशी झुंबरबाईंनी एकटीनं खोल्या मोकळ्या केल्या. भांडी, पेटी, खाट, जातं असं सगळं तीन खेपांत नथू मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. जातं त्यांनी डोक्यावरून नेलं. जाताना जमीन सारवून ठेवली.

नथू मिस्त्री तीन वेळा चौकीवर जाऊन आला. तिसऱ्या वेळी फौजदारानं त्याचा जबाब घेतला, की बॉडी बावीस तारखेला माझ्या शेडमध्ये उचलली, आणि आकडा कुणी आणि का काढला. गाडी ऑगस्टात चोरीला गेली तेव्हा अंबाजी शेठच्या कुटुंबाबरोबर पुण्याला होता, हे शेठच्या मुलानं मुंबईहून लिहून कळवलं. तीन जूनला अंबाजीला सोडलं.

त्याच दिवशी गाडीची मालकीण लोणावळ्याला आली. कल्याणच्या नंदाबाई नावाच्या डॉक्टरीण, पन्नाशीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. एका बाळंतिणीच्या दारासमोर गाडी उभी करून त्या आत गेल्या होत्या. बाहेर आल्या तर गाडी नव्हती. मुचलका लिहून घेऊन फौजदारानं गाडी त्यांच्या ताब्यात दिली. पण घाट उतरवायला ड्रायव्हर नव्हता. त्यांना स्वतःला कल्याणच्या रस्त्यांपुरतं चालवता यायचं. नथू मिस्त्री तिथं होता. त्यानं अंबाजीकडं बघितलं.

सात दिवस दाढी वाढलेला, अंगावर तेच कपडे, असा अंबाजी चाकावर बसला आणि ज्या गाडीनं त्याचा परवाना गेला ती गाडी खंडाळ्याच्या घाटातून खाली उतरवू लागला. नंदाबाई मागं बसल्या होत्या. खोपोलीपाशी त्यांनी विचारलं की आकडा खोटा आहे हे तुम्हाला कसं कळलं. त्यानं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमचं काही नुकसान तर झालं नाही ना? तो म्हणाला, न्हाई बाई. का तसं म्हणाला ते त्यानं झुंबरबाईंनाही कधी सांगितलं नाही. कल्याणला गाडी दारात लावली. बाईंनी काही देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. परतीचं तिकीट तेवढं घेतलं. गाडीतून उतरताना त्यानं इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ हात चाकावरच राहिले, हे मात्र त्यानं घरी सांगितलं.

परवाना तळेगावच्या एका माणसाला गेला. त्यानं त्या वाटेला मोटार घातली, दीड वर्ष चालवली, आणि लढाईमुळं पेट्रोल कुपनावर मोजून मिळायला लागल्यावर बंद केली. लोक अंबाजीला म्हणायचे की बघ, तुझीही बंदच पडली असती. त्याचा त्याला उपयोग नव्हता. त्या दीड वर्षातच, दुसऱ्या पावसाळ्यात, चिमाबाई त्या पडवीत वारल्या. मोटारीचं काय झालं ते अंबाजीला त्यांना सांगवलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या विचारायच्या, माझा अंबू मोटार घेऊन आला का.

अंबाजी नथू मिस्त्रीच्या हाताखाली लागला. शेडच्याच मागं पत्रा टाकून दोघं राहिली. झुंबरबाई वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मग एका संध्याकाळी तो हात धुऊन जेवायला बसला तेव्हा त्यांनी पाहिलं की त्याचे केस कानशिलांवर पांढरे झालेत, आणि त्यांचा राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. हळूहळू जुनी गाडी घेणारे लोक आधी त्याच्याकडं आणायला लागले, वडगावचे, तळेगावचे, अगदी चाकणचेही. तो बॉडी उचलायचा, कागद धरून पेन्सिल घासायचा. दोन वेळा आकडा जुळला नाही. दोन्ही वेळा त्यानं घेणाराला कागद दिला आणि यादी कुठं बघायला मिळते ते सांगितलं. पुढं काय कर, हे सांगितलं नाही.

सरुबाई तळेगावचं घर सोडून सुदुंबऱ्याला माहेरी गेली होती. जायच्या आधी ती एकदा शेडवर आली होती, पोट पुढं आलेलं, स्टेशनापासून चालत. अंबाजी गाडीखाली होता, तो बाहेर आला. ती म्हणाली, "तुमी इचारलं नसतं तर काय झालं असतं?" त्यानं बसायला ठोकळा पुढं केला. ती बसली नाही, तशीच निघून गेली.

१९४३ च्या दिवाळीनंतर नथू मिस्त्रीच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. लष्करी टपालाचा शिक्का, पाठवणाराचं नाव अंबाजीच्या ओळखीचं नाही. आत दोन ओळी होत्या. मी ट्रक चालवतो, बरा आहे. सरूला मुलगा झाला का मुलगी, ते कळव. अक्षर बजरंगचं होतं.

बजरंगच्या नावाचं वॉरंट तेव्हाही निघालेलंच होतं. अंबाजीनं कार्ड दोन दिवस खिशात ठेवलं. झुंबरबाईंनी ते त्याच्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो चौकीच्या समोरूनच स्टेशनकडं गेला, तळेगावला उतरला आणि सुदुंबऱ्यापर्यंत चालत गेला.

सरुबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. तीन वर्षांची मुलगी शेजारी टरफलांशी खेळत होती. त्याला बघून ती उठली नाही. त्यानं कार्ड वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं. मग तिनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि आत गेली. आता ती बाहेर येणार नाही असं समजून तो निघायला उठला, तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. एवढं चालून आलात, बसा, म्हणाली.

तो पाणी प्यायला. खिशातून त्यानं कोरं कार्ड आणि शिसपेन्सिल काढली.

"काय लिवू?" त्यानं विचारलं.

सरुबाईनं मुलीला ओढून मांडीवर घेतलं. "लिवा," म्हणाली. "पोरगी झाली. गंगी नाव ठेवलंय."

तो लिहू लागला.